खळ्याच्या जागी आपोआप उगवलेलं फांद्यांचं सूर्यफूल, हे रानटी आहे का?

येरळाकाठ (११ ऑगस्ट, रात्री ९:५०)

नमस्कार मंडळी. वडूजच्या पुढं आमचं रान आहे, येरळेच्या अलीकडं. गेल्या रब्बीत एकरभर सूर्यफूल केलं होतं, पाकिटातलं हायब्रीड बियाणं. फेब्रुवारीत मळणी केली आणि खळं रानातच होतं. आता पावसाळ्यात त्या खळ्याच्या जागी आणि शेजारच्या बांधाला सूर्यफुलं आपोआप उगवलीत. भांगलताना मी काढणार होतो पण आई म्हणाली राहू दे, गणपतीला फुलं होतील, म्हणून ठेवली.

आता फुलायला लागलीत तर प्रत्येक झाड वेगळंच निघालंय. गेल्या वर्षी सगळं रान एका उंचीचं होतं, एका झाडाला एक फूल, सगळ्यांच्या माना उगवतीकडं. यंदा एक झाड माझ्या कमरेएवढं तर त्याला चिकटून असलेलं डोक्याच्या वर. आणि काही झाडांना बुडापासून फांद्या फुटल्यात, एका झाडावर मी १९ फुलं मोजली, फूल चहाच्या बशीएवढं पण नाही. चुलते म्हणतात हे जंगली सूर्यफूल, शेणखतातून बी आलं असणार, उपटून टाक नाहीतर गाजरगवतासारखं रानभर होईल. फोटो टाकलेत. जाणकारांनी सांगावं, ठेवू का उपटू.

पलूस_बायपास (११ ऑगस्ट, रात्री १०:१५)

मेक्सिकन सूर्यफूल वाटतंय. आमच्या इथं एका बंगल्याच्या कुंपणाला आहे, असंच फांद्याफांद्यांचं. पसरतं लई.

माळावरची_सोनकी (११ ऑगस्ट, रात्री ११:०२)

नाही दादा, मेक्सिकन सूर्यफूल म्हणजे टिथोनिया, ते वेगळं. त्याची पानं बघा, तीन किंवा पाच बोटांची असतात, हाताच्या पंजासारखी, आणि झाड खालून लाकडासारखं होतं, वर्षानुवर्षं टिकतं. सगळ्यात सोपी खूण म्हणजे फुलाच्या खालचा देठ, तो टिथोनियात वरच्या बाजूला फुगत जातो आणि आतून पोकळ असतो, कर्ण्यासारखा दिसतो. आणि फुलाची मधली चकती पण पिवळी. येरळाकाठ यांच्या फोटोत चकती काळपट तांबडी आहे आणि पानं बदामाच्या आकाराची, अखंड. त्यामुळे हे सूर्यफुलाच्याच घरातलं आहे, म्हणजे हेलिअँथस. पण शेतातल्या सूर्यफुलाला एवढ्या फांद्या मी पण कधी पाहिल्या नाहीत.

मी कासला दरवर्षी जाते, सोनकीचे फोटो काढते, ती पण याच कुळातली. या कुळात ओळख पटवायची तर फूल उलटं करून बघायचं असं मला एकांनी शिकवलंय, पाकळ्यांच्या मागं जी हिरवी पानं असतात ती. त्यांचा एक जवळून फोटो टाका ना.

रिटायर्ड_बॉटनी_कराड (१२ ऑगस्ट, सकाळी ७:२०)

सोनकीताईंनी बरोबर जागेवर बोट ठेवलंय. फोटो चांगले आहेत पण काही गोष्टी हातानं बघायला लागतील, तुम्ही रानातच आहात तर बघून सांगा.

एक म्हणजे ती हिरवी पानं, त्यांना छदं म्हणतात, ती रुंद आहेत का, टोकाला एकदम निमुळती होऊन लांब शेपटी आहे का, कडेला राठ केस आहेत का? की सगळी अरुंद, भाल्याच्या पात्यासारखी आहेत? दुसरं, पानाचा देठ पानाच्या मानानं किती लांब आहे. तिसरं, चकतीच्या अगदी मधोमध बघा, तिथं पांढरी लव दिसते का. आणि चौथं, हे सगळ्यात महत्त्वाचं, एकूण झाडं किती, त्यात फांद्यांची किती आणि एका दांड्याची किती, हे मोजा. अंदाजानं सांगू नका, मोजून सांगा. आणि तोवर एकही झाड उपटू नका ही विनंती.

येरळाकाठ (१२ ऑगस्ट, रात्री ८:४०)

सर, मोजलं. एकूण ४३ झाडं. फांद्यांची १२, बाकीची ३१ एका दांड्याची. हिरवी पानं रुंद आहेत, टोकाला शेपटी आहे आणि कडेला केस आहेत, हाताला खरखरीत लागतात. देठ लांब आहे पण गेल्या वर्षीच्या झाडासारखाच. मधोमध पांढरं काही दिसत नाही. हे फांद्यांच्या आणि बिनफांद्यांच्या दोन्हींत सारखंच आहे.

जतकर_आबा (१२ ऑगस्ट, रात्री ९:३०)

पोरा हे रानटीबिनटी काही नाही. मी तीन वर्षांमागं हायब्रीडचं घरचं बी ठेवून पेरलं होतं, पाकीट परवडंना म्हणून. दोन एकर. तू लिहिलंस अगदी तसंच झालं, एक झाड ढेंगाएवढं तर एक माणसाला झाकंल एवढं, आणि चारातल्या एकाला फांद्या. फांद्यांची फुलं एकाच वेळी वाळत नाहीत, वरचं फूल पिकलं तर खालचं हिरवंच, कापायचं कधी हेच कळंना, तोवर राघूंनी निम्मं नेलं. एकरी तीन पोती पण धड भरली नाहीत. दुकानदाराला इचारलं तर म्हणाला पाऊस कमी झाला. पावसाचा काय संबंध फांद्यांशी? ते मला आजवर कुणी नीट सांगितलं नाही. सर तुम्हाला माहीत असंल तर सांगा, मनात राहिलंय ते.

मधपेटी (१३ ऑगस्ट, दुपारी २:१०)

मी जावळीकडचा, मधमाश्यांच्या पेट्या आहेत, फुलोरा असेल तिकडं नेतो. पूर्वी कोरेगाव, खटाव, फलटणला सूर्यफुलावर न्यायचो, आता सूर्यफूलच कमी झालं.

येरळाकाठ तुम्हाला एक बघायला सांगतो. सकाळी आठ-साडेआठला उभे राहा आणि माश्या कुठल्या फुलावरून पिवळ्या होऊन उठतात ते बघा. सूर्यफुलावर काम करणाऱ्या माशीच्या मागच्या पायाला नारिंगी पिवळे गोळे दिसलेच पाहिजेत, अंग पण माखतं. मागं एकदा एका बियाणे प्लॉटवर पेट्या ठेवल्या होत्या तिथं ओळीच्या ओळी अशा होत्या की माशी फुलात जाते, मध पिते आणि कोरडी बाहेर येते. तिथल्या माणसानं सांगितलं होतं की या मादी ओळी, यांच्यात परागच नसतो. तुमच्या आपोआप उगवलेल्यात पण असं एखादं झाड असेल असं वाटतंय मला, बघा.

येरळाकाठ (१४ ऑगस्ट, सकाळी ११:०५)

मधपेटी दादा तुम्ही रान न बघता कसं ओळखलंत? आज सकाळी सात ते दहा तिथंच बसलो. ९ झाडं अशी आहेत की बोट फिरवलं तर बोटाला काहीच लागत नाही. बाकीच्या झाडांना बोट लावलं की हळद लागल्यासारखं होतं. त्या ९ झाडांच्या चकतीत बारीक फुलांच्या मधनं जी काळी नळी वर येते ती वर येतच नाही, आत सुकून बसलेली आहे, नुसती दोन शिंगांची ती पिवळी काडी बाहेर येते. माशी येते, तोंड घालते, जाते.

या ९ पैकी ३ झाडं फांद्यांची आहेत. चुलत्यांना दाखवलं, ते म्हणाले रोग असेल. रोग आहे का सर? पानं तर हिरवीगार आहेत.

रिटायर्ड_बॉटनी_कराड (१४ ऑगस्ट, रात्री १०:३०)

रोग नाही. तुमच्या आकड्यांनी मला आज फार आनंद झाला, वर्गात चाळीस वर्षं फळ्यावर काढलं ते तुमच्या खळ्यात उगवलंय. जरा सविस्तर लिहितो, लांब होईल.

आधी आबांच्या प्रश्नाचं. हायब्रीड म्हणजे दोन वेगळ्या वाणांची पहिली पिढी. त्यातला नर वाण बऱ्याचदा मुद्दाम फांद्यांचा ठेवतात, कारण बियाणे प्लॉटमध्ये नर ओळीनं जास्त दिवस पराग देत राहायला हवं, आणि फांद्यांवरची फुलं मागेपुढे उमलत असल्यानं पराग पुरतो. हा फांद्यांचा गुण दबणारा असतो, म्हणजे आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. मादी वाण एका दांड्याचा असतो, त्यामुळे पहिल्या पिढीत, म्हणजे तुम्ही पाकिटातनं पेरता त्यात, एकाही झाडाला फांदी येत नाही. पण त्या झाडांचं आपसात परागीकरण होऊन जे बी तयार होतं त्यात चारात एक झाड फांद्यांचं निघतं. आबा, तुम्ही "चारातल्या एकाला" लिहिलंत तेच हे. येरळाकाठच्या ४३ चा पाव म्हणजे पावणेअकरा, त्यांनी मोजले १२. पावसाचा यात काही संबंध नाही आबा, आणि तुमच्या पेरणीत पण काही चुकलं नव्हतं, हायब्रीडचं बी पुढच्या वर्षी असं फुटतंच आणि ते विकणाऱ्यानं सांगायला हवं होतं.

आता ती ९ झाडं. यासाठी सूर्यफुलाचं फूल आधी नीट बघायला हवं. आपण ज्याला एक फूल म्हणतो तो शेकडो फुलांचा गुच्छ आहे. कडेच्या पिवळ्या पट्ट्या ही वांझ फुलं, त्यांचं काम फक्त माशीला बोलावणं. मधल्या चकतीतलं प्रत्येक ठिपक्याएवढं फूल खरं, आणि ती कडेकडून मध्याकडं रोज एक-दोन कडी करत उमलतात. प्रत्येकात पाच परागकोश एकमेकांना चिकटून काळपट नळी झालेली असते, तीच तुम्ही पाहिलीत. आधी पराग नळीच्या आत सांडतात, मग खालनं कुक्षिवृंत, म्हणजे ती काडी, बंबाच्या दट्ट्यासारखी वर सरकते आणि पराग बाहेर ढकलते. दुसऱ्या दिवशी काडीचं टोक दुभंगून दोन शिंगं होतात आणि तेव्हा ती दुसऱ्याचा पराग घेते. आधी द्यायचं, मग घ्यायचं, अशी रीत आहे. रानटी सूर्यफूल तर स्वतःचा पराग स्वीकारतच नाही. शेतातल्या वाणांत हे बंधन बरंच सैल झालंय, तरी दुसऱ्याचा पराग मिळाला की दाणा चांगला भरतो, म्हणूनच कृषी खात्याची माणसं सांगतात की फुलोऱ्यात सकाळी हाताला मऊ कापड गुंडाळून फुलांवरून हात फिरवा.

तुमच्या ९ झाडांत ती नळी आतच सुकलीय कारण परागकण तयार होत असतानाच त्यांना पोसणाऱ्या आतल्या थराच्या पेशी वेळेआधी मरतात. मादी पूर्ण ठीक, नर बाजू बंद. आणि याचं मूळ तुमच्या रानात नाही, पाकिटात पण नाही, ते खरोखर एका रानटी सूर्यफुलात आहे. चुलते त्या अर्थानं अगदीच चुकीचे नाहीत. उद्या लिहितो, डोळे दुखायला लागले.

माळावरची_सोनकी (१४ ऑगस्ट, रात्री ११:१०)

सर असं मध्येच सोडू नका ना :( उद्या नक्की लिहा.

रिटायर्ड_बॉटनी_कराड (१५ ऑगस्ट, दुपारी ३:४५)

झेंडावंदन करून आलो, आता निवांत आहे.

सूर्यफूल आपल्याकडचं नाही हे सगळ्यांना माहीत आहे. हेलिअँथसच्या पन्नासएक जाती आहेत आणि सगळ्या मूळच्या उत्तर अमेरिकेतल्या. शेतात आपण पेरतो ती हेलिअँथस अ‍ॅन्युअस, तिथल्या मूळ रहिवाशांनी चार हजार वर्षांपूर्वीच तिला माणसाळवलं. तिचं रानटी रूप आजही तिकडं रस्त्याकडेला उगवतं, फांद्यांचं, लहान फुलांचं, म्हणजे तुमच्या त्या १२ झाडांसारखंच दिसणारं.

पण या गोष्टीतली मुख्य जात दुसरी आहे, हेलिअँथस पेटिओलॅरिस. नटॉल नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८२१ मध्ये तिचं वर्णन केलं. पेटिओल म्हणजे पानाचा देठ, लांब देठावरनं हे नाव. वर्षभराचं झाड, बहुतेक कमरेच्या आसपास, अमेरिकेच्या मधल्या गवताळ मैदानांत वाळूमिश्रित जमिनीवर वाढतं. पानं निळसर हिरवी, अ‍ॅन्युअसपेक्षा अरुंद, कडा बहुतेक सरळ. छदं भाल्याच्या पात्यासारखी अरुंद. आणि चकती तांबडी तपकिरी, पण मधोमध पांढरा ठिपका दिसतो, कारण तिथल्या फुलांच्या बुडाशी जे खवले असतात त्यांच्या टोकाला पांढरी लव असते. मी पहिल्या दिवशी तुम्हाला हेच सगळं तपासायला सांगितलं. तुमच्या झाडांत यातलं काही नाही, छदं रुंद शेपटीची आहेत, म्हणजे रूप शंभर टक्के अ‍ॅन्युअसचं. पेटिओलॅरिस तुमच्या झाडात आहे पण बाहेरून दिसत नाही.

१९६९ मध्ये फ्रान्समध्ये लेक्लेर्क यांनी पेटिओलॅरिसला आई केलं आणि अ‍ॅन्युअसच्या एका शेती वाणाचा पराग तिला दिला. जे बी आलं त्याच्या झाडांना पुन्हा शेती वाणाचाच पराग, पुन्हा तेच, असं पिढ्यान्‌पिढ्या केलं. आता विरजणाचा विचार करा. घरात दूध रोज नवीन येतं, कधी या गवळ्याचं कधी त्या, पण विरजण आदल्या दिवशीचंच, आजीनं सुनेला दिलेलं, सुनेनं लेकीला. तसं इथं झालं. केंद्रकातला सगळा मसाला पराग बदलत बदलत शेती सूर्यफुलाचा झाला, पण पेशीतली मायटोकॉन्ड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे ते कण, ते फक्त आईकडून येतात, परागातून येत नाहीत. त्यामुळे ते त्या पहिल्या रानटी आईचेच राहिले. आणि हे रानटी विरजण आणि शेतातलं दूध एकमेकांना जुळत नाही, मायटोकॉन्ड्रियात एक वेगळं प्रथिन तयार होतं आणि परागकोश सुकतात. रानात पेटिओलॅरिसला पराग नेहमीसारखेच असतात बरं का, बिघाड उघडा पडला तो या संकरातून.

पराग नसलेलं झाड शेतकऱ्याला काय उपयोगाचं? बियाणं करणाऱ्याला सोन्यासारखं. मादी ओळीतल्या लाखो बारीक फुलांचे परागकोश हातानं काढणं शक्यच नव्हतं, आता ती ओळ आपोआप फक्त मादी. शेजारी नर ओळ लावायची, माश्या पराग नेणार. मधपेटींनी पाहिलेल्या कोरड्या ओळी त्याच. पण मग शेतकऱ्याच्या रानात तर पराग हवा, नाहीतर दाणा कसा भरणार, म्हणून नर वाणात एक दुरुस्ती करणारं जनुक घातलेलं असतं. ते १९७० मध्ये अमेरिकेत किनमन यांनी शोधलं, आणि तेही रानटी अ‍ॅन्युअसमधूनच आलेलं. या दोन रानटी गोष्टी जुळल्यावर हायब्रीड सूर्यफूल जगभर गेलं. आपल्याकडं आधी १९६९ पासून रशियाकडची सुधारित वाणं होती, मग १९८० मध्ये बंगळूरहून बीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं.

तुमच्या गेल्या वर्षीच्या प्रत्येक झाडात दुरुस्तीचं जनुक एकच होतं, एका बाजूनं आलेलं. पुढच्या पिढीत चारात एका झाडाला ते मिळतच नाही. विरजण मात्र सगळ्या ४३ झाडांत पेटिओलॅरिसचंच. ज्याला दुरुस्ती मिळाली नाही त्याचे पराग गेले. ९ झाडं, अपेक्षा पावणेअकराची. आणि फांद्या असून पराग नाही अशी सोळात एक, म्हणजे अडीच-तीन, तुमची ३ आहेत. मी याहून चांगला आकडा मागितला नसता.

जतकर_आबा (१५ ऑगस्ट, सायंकाळी ६:१५)

सर दोनदा वाचलं, नातवाकडून एकदा वाचून घेतलं. विरजणाचं लगेच कळलं. म्हणजे माझ्या दोन एकरात अमेरिकेतल्या माळावरच्या झाडाची लेक होती असं झालं की. तीन वर्षांनी का होईना उत्तर मिळालं, बरं वाटलं.

कृष्णाकाठ_वाळवा (१५ ऑगस्ट, रात्री ९:००)

सर एक शंका. सगळी हायब्रीडं जर एकाच विरजणाची असतील तर ते धोक्याचं नाही का? उद्या एखादा रोग त्या विरजणालाच लागू पडला तर?

आणि दुसरं, आमच्याकडं उसाला पाणी देऊन देऊन निम्मी जमीन क्षारपड झालीय, वर पांढरा थर येतो, काहीच नीट उगवत नाही. या रानटी सूर्यफुलात असं काही आहे का जे मीठ सहन करतं? सहज विचारतोय असं नाही, मनापासून विचारतोय, वडिलांनी घेतलेलं रान डोळ्यांदेखत जातंय.

रिटायर्ड_बॉटनी_कराड (१६ ऑगस्ट, सकाळी ८:१०)

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पहिल्याचं उत्तर, हो, धोका आहे. मक्यात हे झालेलं आहे. १९७० मध्ये अमेरिकेत बहुतेक मका एकाच प्रकारच्या नर-वांझ मातृवंशाचा होता आणि पानांवरच्या करप्याची एक जात नेमकी त्यावरच तुटून पडली, एका हंगामात प्रचंड नुकसान झालं. सूर्यफुलात नंतर दुसऱ्या रानटी जातींतून असे आणखी मातृवंश शोधलेत, पण व्यवहारात अजून बहुतांश काम त्या एकाच पेटिओलॅरिसवर चालतं. म्हणून रानटी जाती जपणं हे नुसतं हौसेचं काम नाही असं मी कायम सांगत आलोय. केवडा रोग मराठवाड्यात ऐंशीच्या दशकात आला, त्याला तोंड देणारी जनुकं पण रानटी सूर्यफुलांतूनच घेतलेली आहेत.

दुसरं, मिठाचं. हे ऐकून तुम्हाला नक्की आवडेल. पेटिओलॅरिस आणि रानटी अ‍ॅन्युअस यांचा निसर्गात आपोआप संकर झाला आणि त्यातून माणसाचा हात न लागता तीन नव्या जाती तयार झाल्या. अनोमॅलस वाळूच्या टेकड्यांवर राहते, डेझर्टिकोला वाळवंटी जमिनीत, आणि तिसरी पॅराडॉक्सस, ती टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतल्या खारट दलदलीत वाढते. आईबाप दोघंही जिथं जगू शकत नाहीत तिथं. रीसबर्ग या शास्त्रज्ञानं या तिन्हींवर उभं आयुष्य घातलंय. पॅराडॉक्ससमधला मीठ सोसण्याचा गुण शेतातल्या सूर्यफुलात उतरवून तिकडं पैदाशीसाठी वाण पण तयार झालेत. पण खरं सांगतो, तुमच्या रानात आधी पाण्याचा निचरा हवा, चर, पाइप, जे परवडेल ते. मीठ सोसणारं पीक ही पुढची गोष्ट. खोटी आशा देऊन तुमचं नुकसान करणार नाही.

कृष्णाकाठ_वाळवा (१६ ऑगस्ट, सकाळी ८:५०)

कळलं सर. निचऱ्याचं गावात बोलणं चालू आहे, शेजारचे तयार झाले की करणार. आभारी आहे.

माळावरची_सोनकी (१६ ऑगस्ट, दुपारी १:३०)

माझ्याकडून एक भर घालते, फोटोग्राफीमुळे वाचनात आलेलं. सूर्यफुलाची कडेची पट्टी आपल्याला पूर्ण पिवळी दिसते पण माशीला अतिनील प्रकाश दिसतो, आणि त्यात पट्टीचं बूड गडद आणि टोक उजळ असतं, म्हणजे माशीला मध्ये मोठा गोल दिसतो, नेमबाजीच्या फळीसारखा. २०२२ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं की रानटी सूर्यफुलांत हा गोल सगळीकडं सारखा नसतो, कोरड्या हवेच्या भागात तो मोठा असतो, कारण तो गडद रंग देणारी द्रव्यं पट्टीतलं पाणी उडून जाणं पण कमी करतात. मला वाचून माणदेश आठवला. एकच गोष्ट माशीला बोलावते आणि पाणी पण राखते.

पलूस_बायपास (१६ ऑगस्ट, दुपारी २:००)

मी मेक्सिकन म्हणालो होतो ते चुकलं. पण त्यामुळे एवढं वाचायला मिळालं. संध्याकाळी कुंपणाच्या फुलाचा देठ बघून आलो, खरंच कर्ण्यासारखा पोकळ आहे.

मधपेटी (१७ ऑगस्ट, सकाळी ७:००)

येरळाकाठ, एक करून बघता का? त्या ३ फांद्यांच्या बिनपरागाच्या झाडांपैकी एकावर दोन न उमललेल्या कळ्या निवडा. दोन्हींना पातळ कापडाची पिशवी बांधा, माशी आत जायला नको. एकीला रोज सकाळी पिशवी सोडून दुसऱ्या झाडाचा पराग मऊ कापडानं लावा आणि परत बांधा. दुसरी तशीच राहू दे. एकाच झाडावरची दोन फुलं, म्हणजे जमीन पाणी सगळं सारखं.

रिटायर्ड_बॉटनी_कराड (१७ ऑगस्ट, सकाळी ७:४०)

उत्तम सुचवलंत. चकती पूर्ण उमलेपर्यंत रोज लावा, आठ-दहा दिवस लागतील, कारण आत रोज नवीन कडं उमलतं. पाऊस असेल त्या दिवशी पिशवी ओली राहू देऊ नका, बुरशी येते.

येरळाकाठ (२१ सप्टेंबर, रात्री ९:२०)

महिन्यानं आलो, मध्ये गणपती, मग उडदाची काढणी. सांगितलं तसं केलं. आईच्या जुन्या साडीच्या पिशव्या केल्या, मध्ये दोन दिवस पाऊस आला तेव्हा छत्री बांधून ठेवली झाडाला. पराग लावायचं काम निम्मे दिवस आईनंच केलं, मी वडूजला कामाला जायचो.

काल दोन्ही फुलं काढली. ज्याला काहीच लावलं नव्हतं त्यात बिया दिसायला आहेत, टरफल भरपूर, पण दाबलं की चपटं होतं, आत गर नाही, सगळे पोचट. ११८ मोजले, त्यात एकही भरलेला नाही. दुसऱ्या फुलात, ज्याला पराग लावला, १३१ पैकी ९६ भरलेले, काळे, जड. एकाच झाडाची दोन फुलं. चुलते बराच वेळ दोन्ही हातात घेऊन बसले होते. मग म्हणाले, रोग असता तर याच्यात पण भरलं नसतं.

बाकीची झाडं उपटली नाहीत, वाळली तशी कापली, राघूंनी बरंच खाल्लं, राहिलेलं कोंबड्यांना घातलं. खळ्याच्या जागेवर पुढच्या पावसाळ्यात परत काही उगवतंय का बघणार आहे. त्या ९६ बिया आईनं वेगळ्या डबीत ठेवल्यात, ज्वारी निघाली की परसात लावायच्या म्हणते. डबीवर चिठ्ठी चिकटवलीय तिच्या अक्षरात, "बांधावरचं, बिनपरागाचं, मी पराग लावलेलं".